बुडबुडा पोलाद कसें झिजवितो?

क्षणभंगुर वस्तूचें उदाहरण द्यावयाचें झालें म्हणजे आमचे कीर्तनकार आणि पुराणिक पाण्यावरच्या बुडबुड्याकडे बोट दाखवितात. दिसतो न दिसतो तोंच नाहींसा होणारा, आंतून पोकळ, ज्याला वजन नाहीं आणि बळहि नाहीं, असा तो बिचारा! परंतु याच बुडबुड्यांनीं मोठमोठ्या आगबोटींचे पंखे पोखरून काढले आहेत, जलविद्युत्-केंद्रांतील चक्रांचीं पोलादी पातीं स्पंजासारखीं सच्छिद्र करून सोडलीं आहेत, असें सांगितलें तर ऐकणाराला ती थट्टा वाटेल. ती थट्टा नव्हे. पाण्यांतला बुडबुडा पोलादाला कसा झिजवितो, आणि कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनीच्या योगानें असे बुडबुडे मुद्दाम कसे उत्पन्न करतां येतात, हें आज सांगावयाचें आहे. विषय थोडा आडरानांतला वाटेल. पण तो चष्मेवाल्याच्या आणि सोनाराच्या दुकानापर्यंत येऊन पोंचलेला आहे.

प्रथम शाळेंतली एक गोष्ट आठवूं. पाणी केव्हां उकळतें, असें विचारलें कीं मुलें एका सुरांत 'शंभर अंशांवर' म्हणून उत्तर देतात. मास्तरांनीं येथें 'कोठें?' असा दुसरा प्रश्न विचारावयास हवा. समुद्रकाठीं शंभर अंश हें उत्तर बरोबर आहे. हिमालयांत ३,००० मीटर उंचीवर तेंच पाणी नव्वद अंशांच्या सुमारास उकळूं लागतें, आणि म्हणून तेथें डाळ शिजतां शिजत नाहीं. याचें कारण हवेचा दाब. पाण्याचे कण वाफ होऊन निसटूं पाहत असतात, आणि वरचा दाब त्यांना दडपून धरीत असतो. हा दाब कमी करीत गेलें तर उष्णतेची गरजहि कमी होत जाते. वातावरणाचा दाब सुमारें बत्तिसाव्या हिश्श्यावर आणला, तर २५ अंशांचें साधें पाणी विस्तवावांचून उकळूं लागतें. तात्पर्य, पाण्याची वाफ करण्याचे मार्ग दोन : एक तापविणें, आणि दुसरा दाब काढून घेणें. आजच्या विषयाचें मूळ या दुसऱ्या मार्गांत आहे.

हा दुसरा मार्ग किती उपद्रवी आहे, याचा अनुभव प्रथम आला तो समुद्रावर. १८९३ सालीं इंग्लंडच्या आरमारासाठीं बांधलेल्या 'डेअरिंग' नांवाच्या जलद नौकेची चांचणी चालली होती. नौका कांहीं केल्या अपेक्षित वेग घेईना. थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांना शोधाअंतीं असें कळून आलें कीं, पंखा अति जोरानें फिरूं लागला म्हणजे त्याच्या पात्यांच्या पाठीमागें पाण्याचा दाब फार उतरतो, तेथें पाणी जणूं तुटतें आणि पोकळ्या पडतात. पंख्याची पकड सुटते ती यामुळें. या प्रकाराला 'कॅव्हिटेशन', म्हणजे पोकळी पडणें, हें नांव आर. ई. फ्रूड यांनीं सुचविलें. लवकरच चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' या नौकेलाहि हाच अडथळा आला. त्यांनीं १८९५ सालीं एक लहानशी टांकी करून तींत छोटा पंखा फिरविला व या पोकळ्या प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिल्या. पुढें तीन दांड्यांवर तीन तीन असे नऊ पंखे त्यांनीं आपल्या नौकेला बसविले, आणि १८९७ सालच्या आरमारी संचलनांत ती ताशीं सुमारें ३४ सागरी मैल वेगानें पळवून दाखविली.

वेगाचा प्रश्न अशा रीतीनें सुटला, तरी दुसरा प्रश्न उभा राहिला. जलद आगबोटींचे पंखे थोड्याच काळांत खड्ड्याखड्ड्यांचे होऊं लागले. घासणारें कांहीं दिसत नाहीं, आपटणारें कांहीं दिसत नाहीं, मग धातु जातो कोठें? कित्येकांना हा खाऱ्या पाण्याचा गंज वाटला. परंतु ज्या कांचेला गंज ठाऊकच नाहीं, तिलाहि या पोकळ्यांपुढें खड्डे पडतात असें प्रयोगांत दिसून आलें. तेव्हां मूळ कारण यांत्रिक आघात आहे, हें मान्य करावें लागलें. गंज त्या आघाताला साहाय्य मात्र करतो. आघात धातूवरील संरक्षक थर उडवितो, आणि उघड्या पडलेल्या जागेला गंज नव्यानें धरतो. दोघे मिळून जें नुकसान करतात तें एकेकट्याच्या बेरजेहून अधिक असतें.

पण आघात करतो कोण? या प्रश्नाचें गणित लॉर्ड रॅले यांनीं १९१७ सालीं मांडलें. त्यांच्या विचाराचा आरंभ मोठा घरगुती होता. चहाचें आधण ठेवलें म्हणजे उकळी फुटण्यापूर्वीं किटली गुणगुणूं लागते. तळाशीं झालेले वाफेचे बुडबुडे वर चढतांना थंड पाण्यांत सांपडतात, त्यांतील वाफ निवते, आणि भोंवतालचें पाणी त्या पोकळींत एकदम कोसळतें. त्या कोसळण्याचा तो आवाज. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं केलेलें हें वर्णन वाचून रॅले विचार करूं लागले होते. तोंच पार्सन्स यांनाहि हाच प्रश्न पंख्यांच्या संबंधांत पडलेला आहे, असें त्यांना समजलें. स्वयंपाकघरांतली किटली आणि आरमारी नौका अशीं एकाच गणितांत आलीं.

तें गणित सांगतें तें असें. एक मिलिमीटर त्रिज्येची रिकामी पोकळी साध्या वातावरणाच्या दाबाखालीं मिटावयास सेकंदाचा सुमारें अकरा हजारावा भाग पुरतो. मिटतां मिटतां पाण्याचा वेग सारखा वाढत जातो. मोठ्या घेरांतल्या पाण्यानें मिळविलेली शक्ति शेवटीं सुईच्या अग्राएवढ्या जागीं गोळा होते, आणि तेथला दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारों पटींपर्यंत चढतो. बुडबुड्याजवळ स्वतःचें बळ नाहीं हें खरेंच आहे. बळ भोंवतालच्या पाण्याचें असतें. बुडबुडा त्याला एका बिंदूवर जमण्यास जागा करून देतो. विखुरलेलें ऊन भिंगाखालीं एकत्र आलें म्हणजे कागद जाळतें, तसलाच हा प्रकार.

आतां ध्वनीकडे वळूं. समुद्रावर पंखा जें काम नकळत करतो, तेंच काम प्रयोगशाळेंत ध्वनीकडून हुकमी करवितां येतें. ध्वनि म्हणजे पाळीपाळीनें दाबणें आणि ओढणें. तबल्याची पुडी बाहेर येते तेव्हां ती हवेला दाबते, आंत जाते तेव्हां हवा विरळ करते. हीच दाबओढ पाण्यांत केली, तर ओढीच्या क्षणीं पाण्याचा दाब उतरतो. ओढ पुरेशी जोराची असली कीं तेथें पोकळी पडते, आणि लागलीच येणारा दाब ती पोकळी चिरडून टाकतो. मनुष्याच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारें वीस हजार कंपनांपर्यंत आहे; माझ्या वयाच्या माणसांची तर तितकीहि उरत नाहीं. त्यापलीकडच्या ध्वनीला श्रवणातीत ध्वनि अथवा अल्ट्रासाउंड म्हणतात.

असा ध्वनि उत्पन्न करण्याच्या युक्तीला जुना इतिहास आहे. चुंबकाच्या क्षेत्रांत लोखंडाची लांबी किंचित् बदलते, हें जेम्स ज्यूल यांनीं १८४२ च्या सुमारास दाखविलें. कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. उलट अशा स्फटिकाला वीज पुरविली तर तो आकुंचन-प्रसरण पावतो. पहिल्या महायुद्धांत पॉल लांजव्हँ यांनीं याच गुणाचा उपयोग करून पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकण्यासाठीं जोरदार ध्वनि सोडला, तेव्हां त्या झोतांत सांपडलेले मासे मरतात असें त्यांना आढळून आलें. ऐकूं न येणारा ध्वनि मुका असला तरी दुबळा नाहीं, याची ती पहिली सूचना होती.

आज प्रयोगशाळेंत जें साधन वापरतात तें असें असतें. विजेनें कंप पावणाऱ्या चकत्यांना टायटॅनियमच्या मिश्रधातूचा एक निमुळता दांडा जोडलेला असतो, व त्याचें टोंक पाण्यांत बुडविलेलें असतें. हें टोंक सेकंदाला वीस हजार वेळां वरखालीं होतें. त्याची एकंदर हालचाल अवघी ५० मायक्रोमीटर, म्हणजे डोक्याच्या बारीक केसाच्या जाडीइतकी. परंतु एवढ्याशा अंतरांत इतक्या वेळां दिशा बदलावयाची म्हणजे वेग घेणें आणि वेग सोडणें हीं दोन्हीं विलक्षण त्वरेनें झालीं पाहिजेत. हिशेब केला तर त्या टोंकाचें त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें ४०,००० पट येतें. टोंक मागें सरतें तेव्हां पाण्याला त्याच्या मागोमाग जाणें साधत नाहीं, आणि तेथें पोकळ्यांचा थवा उठतो. अगदीं शुद्ध पाणी पुष्कळ ताण सहन करतें. पण आपल्या नेहमींच्या पाण्यांत धुळीच्या कणांच्या फटींत आणि भांड्याच्या चिरांत हवेचे अतिसूक्ष्म अंश दडून बसलेले असतात, आणि पोकळीचा उगम बहुधा तेथेंच होतो.

येथें एक शंका कोणीहि विचारील. पोकळी चोहोंकडून सारखीच मिटत असेल, तर तिचा मार मध्यबिंदूवर पडेल. शेजारच्या धातूवर तो कां पडावा? याचें उत्तर समजण्यास एक दृश्य डोळ्यांपुढें आणा. मैदानांतील एका जागेकडे चारी दिशांनीं लोक धांवत सुटले आहेत. सर्व बाजू मोकळ्या असतील, तर सगळे मध्यभागीं एकमेकांस भिडतील. पण एका बाजूस भिंत असली, तर त्या बाजूनें धांवणारे कोणी येतच नाहीं. समोरच्या बाजूचा लोंढा मग मध्यावर न थांबतां सरळ भिंतीवर जाऊन आदळतो. बुडबुड्याचें तसेंच होतें. धातूच्या बाजूनें पाणी येऊं शकत नाहीं. दूरच्या बाजूचें पाणी पुढें घुसतें, बुडबुड्याचें पोट भेदतें, आणि बारीक धारेच्या रूपानें धातूवर आपटतें. ही कल्पना कॉर्नफेल्ड व सुव्होरोव्ह यांनीं १९४४ सालीं मांडली. १९७१ सालीं प्लेसेट व चॅपमन यांनीं गणितानें त्या धारेचा आकार आणि वेग काढला, आणि अतिजलद छायाचित्रांत ती धार प्रत्यक्ष दिसली. तिचा वेग सेकंदाला शंभर मीटर व त्याहून अधिक, म्हणजे ताशीं साडेतीनशें किलोमीटरांच्या वर भरतो. शंभर मीटर वेगाचें पाणी कठीण पृष्ठावर आदळलें तर त्या क्षणीं सुमारें १,५०० वातावरणांइतका दाब उत्पन्न होतो. मऊ ॲल्युमिनियमला खळगा पाडण्यास तो पुरेसा होतो. याशिवाय कोसळणाऱ्या बुडबुड्यांतून धक्क्याच्या लहरीहि निघतात. झिजेंत धारेचा वांटा किती आणि धक्क्याचा किती, याबद्दल तज्ज्ञांत अद्याप एकमत झालेलें नाहीं. कोसळत्या पोकळीपासून शेजारच्या पृष्ठावर मार बसतो, एवढें निर्विवाद आहे.

एका आघातानें पोलादाचें कांहींच बिघडत नाहीं. पण येथें आघात एक नसतो. दर सेकंदाला वीस हजार ओढी, आणि प्रत्येक ओढीबरोबर बुडबुड्यांचा थवा! लोखंडी तार एकदां वांकविली तर ती मोडत नाहीं. त्याच जागीं पुन्हां पुन्हां वांकवीत राहिलें कीं अकस्मात् तुटते. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. पृष्ठभागाखालीं सूक्ष्म चिरा पडत जातात, त्या एकमेकींस मिळतात, आणि मग धातूचा कण सुटून येतो.

ही झीज मोजण्याची एक रीत सर्वमान्य झालेली आहे. अमेरिकेंतील ए. एस. टी. एम. या संस्थेनें ती १९७२ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. 'जी ३२' या नांवानें ती ओळखली जाते. परीक्षा ज्याची घ्यावयाची त्या धातूची सुमारें १६ मिलिमीटर व्यासाची गुंडी कंप पावणाऱ्या दांड्याच्या टोंकाला बसवितात, २५ अंशांच्या ऊर्ध्वपातित पाण्यांत ती बुडवून कंपनें सुरू करतात, आणि ठराविक वेळानें तिला बाहेर काढून, धुवून, पुसून, सूक्ष्म कांट्यावर तोलतात. घटलेलें वजन म्हणजे झीज. प्रत्यक्ष यंत्रांत ज्या झिजेला महिने किंवा वर्षें लागतील, ती येथें कांहीं तासांत दिसते.

या तोलण्यांतून जें निष्पन्न झालें तें मला या सबंध विषयांत सर्वांत बोधप्रद वाटतें. पहिला कांहीं वेळ कांटा हालतच नाहीं. गुंडीचें वजन जसेंच्या तसें. पृष्ठाची झिलई थोडी मंद झाली तर झाली. पाहणारा म्हणेल, हा धातु अभेद्य आहे. मग एकाएकीं वजन घटूं लागतें, घटण्याचा वेग वाढत जाऊन शिखर गांठतो, आणि पुढें, पृष्ठ खोल खड्ड्यांनीं भरून गेल्यावर, तो पुन्हां कांहींसा मंदावतो. पहिल्या शांत काळाला उबवणीचा काळ म्हणतात, आणि नांव अगदीं यथार्थ आहे. अंडें बाहेरून जसेंच्या तसें दिसत असतां आंत पिल्लूं वाढत असतें. तशा या काळांत पृष्ठाखालीं चिरा वाढत असतात. वजन घटलें नाहीं म्हणजे हानि झाली नाहीं, असें मुळींच नव्हे. पंपाची, पंख्याची किंवा पाणचक्कीची तपासणी करणाराला याचें महत्त्व सांगावयास नको. पृष्ठ निस्तेज व खरखरीत लागूं लागलें, यंत्रांतून वाळू किंवा खडी फिरत असल्यासारखा कडकड आवाज येऊं लागला, तर खड्डे पडेपर्यंत वाट पाहूं नये.

ज्यांनीं वाट पाहिली नाहीं तरी ज्यांच्यावर प्रसंग आला, असें एक मोठें उदाहरण आहे. १९८३ सालीं अमेरिकेंत कोलोरॅडो नदीला मोठा पूर आला, व ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यांतून अति वेगानें पाणी सोडावें लागलें. तेथें ध्वनीचें यंत्र नव्हतें. वेगवान् प्रवाहानेंच पोकळ्या पाडल्या. कांहीं दिवसांत काँक्रीटचें अस्तर फुटलें आणि खालच्या खडकांत सुमारें दहा मीटर खोल खड्डा पडला. नंतर त्या बोगद्यांत जो उपाय केला तो ऐकण्यासारखा आहे : पाण्यांत हवा शिरावी म्हणून खांच ठेवली! पोकळींत केवळ वाफ असली तर ती निवून पोकळी पुरती कोसळते. हवा असली तर ती गादीसारखी मध्यें येते आणि मार सौम्य करते.

याच तत्त्वावर ध्वनीच्या यंत्रांतील झीजहि कमीअधिक करतां येते. पाणी फार तापविलें तर पोकळींत वाफ दाटते व तीच गादीचें काम करते. म्हणून उकळत्या पाण्यांत झीज कमी. गार पाण्यांत विरघळलेली हवा अधिक असल्यानें तेथेंहि मार थोडा मवाळ पडतो. सर्वांत तीव्र परिणाम मध्यंतरीं, साधारण पन्नास ते साठ अंशांच्या सुमारास होतो. कंपनसंख्या वाढविली तर पोकळीला वाढावयास अवसर कमी मिळतो, बुडबुडे लहान राहतात आणि त्यांचा घावहि लहान. म्हणून विजेच्या यंत्रांतील सिलिकनच्या नाजूक चकत्या धुतांना सेकंदाला दहा लक्षांच्या आसपास कंपनें वापरतात. गरोदर स्त्रियांच्या सोनोग्राफीसंबंधीं कोणाला शंका आली असेल, तर तिचेंहि उत्तर यांत आहे. तेथें कंपनें सेकंदाला कांहीं दशलक्ष असतात, लहरी तुटक व अत्यल्प काळाच्या असतात, आणि त्यांच्या जोरावर मर्यादा घातलेली असते. येथें वर्णन केलेला प्रकार आणि ती तपासणी यांची गल्लत करूं नये.

आतां दुकानांकडे येऊं. चष्मेवाला किंवा सोनार पाण्याच्या लहानशा पेटींत चष्मा अथवा दागिना ठेवतो, कळ दाबतो, आणि थोड्या वेळांत ब्रशाला न पोंचणाऱ्या सांदींतला मळ निघून येतो. त्या पेटींत बहुधा सेकंदाला चाळीस हजार कंपनें असतात, आणि मळ काढणारे मजूर म्हणजे आपले हेच बुडबुडे. त्यांची करामत पाहावयाची असेल तर खाद्यपदार्थ गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा पातळ कागद त्या पाण्यांत उभा धरावा. एकदोन मिनिटांत त्यावर टोचे पडतात आणि छिद्रें होतात. छिद्रें सर्वत्र सारखीं नसून पट्ट्यापट्ट्यांनीं पडलेलीं दिसतात. ज्या ठिकाणीं ध्वनीची लहर अधिक जोराची, तेथें भोंकें अधिक. पेटी नीट काम करते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जाणकार मंडळी हीच परीक्षा घेतात.

यावरून गृहिणींनीं आणि दुकानदारांनीं एक खूणगांठ बांधावी. सोन्याचा साधा दागिना अशा पेटींत थोडा वेळ ठेवण्यास हरकत नाहीं. पण मोती, पाचू आणि ओपल तींत कधींहि टाकूं नयेत. मोती हा मऊ थरांचा बनलेला असतो. पाचूंत स्वभावतःच चिरा असतात, व त्या पुष्कळदां तेलानें भरलेल्या असतात. तें तेल निघून गेलें कीं चिरा उघड्या पडतात. चिकटविलेले खडे सुटतात, आणि चष्म्याच्या कांचेवरचा लेप आधींच उकलला असेल तर तो आणखी निघतो. ज्या कारखान्यांत औषधें किंवा अन्नपदार्थ मिसळण्यासाठीं श्रवणातीत ध्वनीचा दांडा वापरतात, तेथेंहि लक्ष ठेवावें लागतें, कारण तो दांडा स्वतःच हळूहळू झिजतो व त्याचे धातुकण द्रवांत उतरतात. टोंकावर खड्डे दिसूं लागले तर तें घासून घ्यावें किंवा बदलावें.

मळ काढणारा बुडबुडा आणि पोलाद खाणारा बुडबुडा असे दोन निराळे नाहींत. वस्तु कोणती, ती किती वेळ ठेवली, पाणी किती ऊन आणि कंपनें किती, एवढ्यावर त्याचें काम उपकाराचें होईल कीं नुकसानीचें, हें ठरतें. तेव्हां पुढच्या खेपेस दुकानदारानें दागिना पेटींत ठेवण्यापूर्वीं त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावे : 'यांत मोती किंवा पाचू तर नाहीं ना?' आणि 'किती वेळ ठेवणार?' उत्तर समाधानकारक मिळालें, तर निर्धास्तपणें कळ दाबूं द्यावी.